विद्येचे देणे

दसऱ्याच्या संध्याकाळी आपण एकमेकांच्या हातावर आपट्याची पाने ठेवतो आणि त्यांना सोने म्हणतो. हे सोने कुठून आले, याची आठवण मात्र थोड्याच घरांत निघते. एका विद्यार्थ्याचे देणे फिटल्यावर जे उरले, ते हे सोने.

कथा सर्वांच्या कानावरून गेलेली आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स याने विद्या पुरी केली आणि गुरुदक्षिणा विचारली. तुझी सेवा हीच माझी दक्षिणा, असे गुरूंनी सांगितले. पण शिष्य हट्टाला पेटला. शेवटी गुरूही रागावले आणि चौदा विद्यांचे चौदा कोटी आण म्हणाले. कौत्स रघुराजाकडे गेला, तेव्हा विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या राजाकडे अतिथीला अर्घ्य द्यायला मातीचे भांडे तेवढे उरले होते. कुबेरावर स्वारी करण्याचा बेत राजाने केला आणि रात्रीतून कोठारात सोन्याचा पाऊस पडला. कालिदासाने 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात यापुढचा जो प्रसंग रंगवला आहे, तो मोठा गमतीचा आहे. राजा म्हणतो, सगळे घेऊन जा. कौत्स म्हणतो, देणे चौदा कोटींचे, त्याहून एक कवडीही नको. उरलेले सोने आपट्याखाली ठेवले आणि लोकांनी ते लुटले, ही भर लोककथेने घातली.

आपण या कथेत राजाचे औदार्य पाहतो आणि शिष्याचा निर्लोभ पाहतो. पण हिशेबी माणसाच्या नजरेने पाहिले, तर तिच्यात आणखी एक गोष्ट दिसेल. चौदा विद्या शिकलेला हा पदवीधर चौदा कोटी स्वतः मिळवू शकत नव्हता. विद्या पदरात होती, पण विद्येचे मोल फेडायची वाट त्या विद्येत नव्हती. ती दुसऱ्या कोणी तरी मोकळी करून द्यावी लागली. आपल्याकडच्या गेल्या दीडशे वर्षांतील शिक्षणासाठी काढलेल्या कर्जांचा इतिहास चाळला, म्हणजे कौत्साची ही अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. कर्जाचा आकडा किती होता, यापेक्षा ते फेडण्याची वाट कोणी उघडी ठेवली आणि कोणी बंद केली, यावरच त्या त्या माणसाचे पुढचे आयुष्य ठरलेले दिसते.

जुन्या काळी शिष्य गुरूच्या घरी राही, पाणी भरी, लाकडे फोडी आणि शिके. एकोणिसाव्या शतकात डॉक्टर व्हायचे किंवा बॅरिस्टर व्हायचे, तर समुद्र ओलांडावा लागे. आणि आगबोटीच्या कंपनीला सेवा नको होती, रोख रक्कम हवी होती. ही रक्कम आणायची कुठून?

पहिली वाट देणगीची. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या, त्या स्वतःचे दागिने विकून आणि लोकांनी जमवलेल्या वर्गणीच्या आधारावर. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाने त्यांना मदत दिली. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अॅल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि ती जागा तशीच राहिली. देणगीला व्याज नसते, तगादा नसतो. पण म्हणून देणे नसते असे नाही. आपल्या देशभगिनींची सेवा करायची, हे देणे डोक्यावर घेऊनच त्या गेल्या होत्या, आणि ते फेडायला काळाने त्यांना अवधी दिला नाही.

दुसरी वाट घराची. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा एक अठरा वर्षांचा तरुण बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघाला. चार-पाच हजारांत काम होईल, असा सल्ला घरच्या एका स्नेह्याने दिला होता. बायकोचे दोन-तीन हजारांचे दागिने मोडण्याची सूचना या तरुणाने केली. थोरल्या भावाने पैसे उभे करण्याचे पत्करले. मुंबईत येताच जातीच्या पंचांनी परदेशगमनाला बंदी केली आणि ती न जुमानणाऱ्याला वाळीत टाकले. ज्या मेहुण्याजवळ पैसे ठेवले होते, तोही जातीच्या भयाने ते देईना. शेवटी एका मित्राकडून प्रवासापुरते कर्ज घेतले आणि ते भावाकडून वसूल कर, असे त्यालाच सांगून हा विद्यार्थी बोटीत चढला.

तीन वर्षांनी बॅरिस्टर होऊन तो परत आला, तेव्हा घरच्यांची अपेक्षा काय असेल, ते कोणत्याही मध्यमवर्गीय कुटुंबाला समजावून सांगायला नको. भावाने घरात कोको आणला, ओटचे पीठ आणले, पेहराव युरोपीय झाला. खर्च वाढला, आणि मिळकत मात्र दिसेना. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहताच बॅरिस्टरसाहेबांचे पाय लटपटले आणि तीस रुपयांची फी परत करावी लागली. पंचाहत्तर रुपयांची शिक्षकाची नोकरी मागितली, तर पदवीधर नाही म्हणून नकार मिळाला. कर्ज काढून मिळवलेल्या सनदेची ही बाजारातली किंमत! पुढे १८९३ साली दक्षिण आफ्रिकेतील एका मुसलमान व्यापारी पेढीने एका दाव्याच्या कामासाठी १०५ पौंडांवर बोलावले. तिथे वकिली चालू लागली आणि शिलकीतले पैसे भावाकडे जाऊ लागले. विद्या राजकोटात घेऊन बसले असते, तर ती पडूनच राहिली असती. चालायला तिला वाट मिळाली, तेव्हा घराचे देणे फिटायला लागले.

तिसरी वाट एका व्यापाऱ्याने काढली. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली भारतीयांच्या उच्च शिक्षणासाठी एक निधी स्थापन केला. सुरुवातीला तो पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. १८९४ मध्ये तो सर्व जातिधर्मांना खुला झाला. या निधीचा विशेष असा, की त्यातून मिळे ते दान नव्हते, कर्ज होते. विद्यार्थ्याने शिकून यावे, मिळवते व्हावे आणि व्याजासह पैसे परत करावेत, म्हणजे त्याच पैशांवर पुढचा विद्यार्थी बोटीत चढेल. पैसा एकाच जागी संपत नाही, फिरत राहतो, हे व्यापाऱ्याला जेवढे ठाऊक, तेवढे दानशूर राजालाही ठाऊक नसते. घेणाऱ्याची मानही यात ताठ राहते. कारण तो याचक नसतो, देणेकरी असतो.

या निधीच्या पहिल्यापहिल्या विद्यार्थ्यांत दोन स्त्री डॉक्टर होत्या, एक मुंबईच्या फ्रेनी कामा आणि दुसऱ्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापूरच्या त्याच अॅल्बर्ट एडवर्ड इस्पितळात काम केले, जिथे आनंदीबाई रुजू व्हायच्या होत्या. एकीचे राहिलेले देणे दुसरीने फेडले, असे म्हणायचा मोह होतो, आणि तो आवरण्याचे कारण दिसत नाही. १९४५ साली लंडनला गेलेले आणि पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन, १९५७ साली केंब्रिजला गेलेले आपले जयंत नारळीकर, हे याच निधीचे विद्यार्थी. आजही हा निधी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो.

चौथी वाट कराराची, आणि तिच्यावरच या लेखाचे खरे लक्ष आहे. राजाने शिकवायचे आणि शिकलेल्याने राज्याची चाकरी करून ते फेडायचे, ही रीत संस्थानांत होती. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात अशा एका करारावर सही झाली. सही करणारा तरुण बावीस वर्षांचा होता. त्याचे वडील चारच महिन्यांपूर्वी वारले होते. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर तो मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाला होता, आणि आता अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी त्याला तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते. त्याच्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची होती. तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी किती वाचले आणि किती थोडक्यात दिवस काढले, हे चरित्रकारांनी सांगितलेच आहे. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. १९१६ मध्ये लंडनला येऊन त्यांनी अर्थशास्त्रासाठी विद्यापीठाच्या संस्थेत आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अर्धा अभ्यास टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी तेवढी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. युद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीत होती, ती पाणतीराने बुडाली. थॉमस कुक कंपनीकडून त्याची भरपाई आली, तिच्यातून बडोद्याला जाण्याची सोय झाली. पुस्तके गेली, आणि पुस्तकांच्या भरपाईवर माणूस कर्ज फेडायला निघाला!

बडोद्यात काय घडले, ते त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. गावात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपया भाड्याने ते वरच्या मजल्यावर राहिले. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकीत. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याची ताकीद देऊन गेले. एक हिंदू स्नेही होता. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. एक ख्रिस्ती स्नेही होता. त्याच्याकडूनही नकारच आला. रात्रीच्या गाडीला वेळ होता. जगातल्या दोन थोर विद्यापीठांत शिकलेला हा माणूस कमाटी बागेत बसून राहिला आणि नंतर मुंबईच्या गाडीत चढला.

हा प्रसंग अस्पृश्यतेच्या इतिहासात शेकडो वेळा सांगितला गेला आहे आणि सांगितला गेलाच पाहिजे. पण कर्जाच्या इतिहासातही त्याची नोंद हवी. करार स्पष्ट होता, दहा वर्षांच्या चाकरीचा. ऋणको चाकरी करायला तयार होता, हजर होता. धनको महाराजही उदार होते. कर्ज देताना त्यांनी जात पाहिली नव्हती. परंतु ज्या नगरात राहून हे कर्ज फेडायचे, त्या नगराने देणेकऱ्याला पाठ टेकायला चार हात जागा दिली नाही. म्हणजे राजाने विद्या देऊ केली आणि समाजाने तिचे मोल फेडण्याचा हक्क नाकारला. कर्ज बुडवणारे लोक जगात पुष्कळ आहेत. ज्याला कर्ज फेडूच दिले नाही, असा कर्जदार विरळा.

मुंबईत येऊन त्यांनी शिकवण्या केल्या. शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला देण्याची कचेरी काढली. सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि ती बंद पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकाची जागा मिळाली. एवढ्या पगारात त्या काळी ऐसपैस राहता आले असते. पण हे कुटुंब परळच्या चाळीतच राहिले आणि रमाबाईंनी काटकसरीने घर चालवले. लंडनचा राहिलेला अभ्यास चार वर्षांच्या मुदतीत पुरा करायचा होता, म्हणून पै-पै मागे पडत होती. घरातल्या एकाने पदवी घ्यायची आणि दुसऱ्याने तिची झळ सोसायची, हा हिशेब कोणत्याही खातेवहीत लिहिला जात नाही. या लेखात कर्जाचे जेवढे म्हणून आकडे आले, त्यांच्या शेजारी रमाबाईंची ही न लिहिलेली रक्कम वाचकांनी मनात धरावी.

जुलै १९२० मध्ये डॉ. आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले. जवळ स्वतःची शिल्लक होती, शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार रुपये होते आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज होते. बडोद्यात काठ्या घेऊन आले ते पारशी होते, आणि मुंबईत पाच हजार रुपये हातावर ठेवणाराही पारशीच होता. माणसांची वर्गवारी करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढची वर्षे वाचनालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचन आणि अर्धपोटी राहणे, यांत गेली. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधावर त्यांना डी. एस्‌सी. मिळाली. मुंबईत परतल्यावर वकिलीची सनद काढायची, तर तेवढेही पैसे जवळ नव्हते. तेव्हाही भथेनाच मदतीला आले. सनद मिळाली, पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे पक्षकार सहजी येईनात. १९२५ पासून काही वर्षे ते एका हिशेबशास्त्राच्या खासगी शिकवणी-संस्थेत अर्धवेळ शिकवून गरज भागवीत होते.

बडोद्याचा तो दहा वर्षांचा करार अपुराच राहिला. पण विद्येचे देणे त्यांनी कसे फेडले, ते पाहा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४२ साली त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडे मागणी मांडली, आणि १९४४ पासून केंद्र सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आलेले महाविद्यालय उभे राहिले. ज्या वाटेवर स्वतः ठेचाळले, त्या वाटेवरचे दगड त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी उचलले. आपल्या शास्त्रकारांनी ऋषिऋण म्हणून जे सांगितले, तेही असेच असते. ते ज्याच्याकडून घेतले, त्याला परत करता येत नाही. पुढच्याला शिकवूनच ते फिटते.

आता पाचवी वाट, जी आज आपल्या घरोघर आली आहे. बँकांच्या संघटनेने तयार केलेल्या आदर्श योजनेनुसार २००१ सालापासून शैक्षणिक कर्जे रीतसर आणि मोठ्या प्रमाणावर मिळू लागली. राजा नको, शेठजी नको, जातपंचायतीची भीती नको. प्रवेशपत्र दाखवावे आणि कर्ज घ्यावे. बडोद्याच्या त्या प्रसंगाशी तुलना करता ही केवढी मोठी प्रगती! तथापि हिशेब येथेही चुकत नाही.

समजा, एका मुलीने दोन वर्षांच्या व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी २० लाख रुपये दहा टक्क्यांनी घेतले. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असे धरू. शिक्षणाची दोन वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो. लोकांना वाटते, व्याजही नसते. ते असते. साध्या व्याजाने वर्षाला दोन लाख, म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच देणे २६ लाखांवर गेलेले असते. दहा वर्षांत ते फेडायचे, तर महिन्याला सुमारे ३४,४०० रुपये आणि एकूण ४१ लाखांच्या वर. हेच व्याज आईवडिलांनी त्या तीन वर्षांत दरमहा १६,७०० रुपयांप्रमाणे भरत नेले, तर मूळ वीस लाखच राहतात आणि हप्ता सुमारे २६,४०० होतो. आणि नोकरी लागल्यावर त्या मुलीने चार वर्षे तरी विद्यार्थ्यासारखेच राहून २६ ऐवजी ३५ हजार भरायचे ठरवले, तर दहा वर्षांचे देणे साडेसात वर्षांत संपते. पगार सुरू होताच कोको आणि ओटचे पीठ घरात आणण्याची घाई करू नये, एवढाच याचा अर्थ.

परंतु काटकसर हा अर्धाच उपाय आहे. हप्ता पगारातून जातो, आणि पगार नोकरीतून येतो. शिकलेल्या मुलाला नोकरी नसेल, मुलीला लग्नानंतर घरी बसवले असेल, एखाद्याला त्याचे आडनाव पाहून भाड्याने खोली नाकारली असेल, तर बँकेचा व्याजदर कितीही कमी असला, तरी काय उपयोग? अशा वेळी आपण मुलांना उधळे म्हणतो, आळशी म्हणतो. बडोद्याच्या बागेतला तो तरुण उधळा नव्हता आणि आळशी तर मुळीच नव्हता. कर्ज देणे हे बँकेचे काम झाले. फेडू देणे हे गावाचे, शेजाऱ्यांचे आणि सासरमाहेरचे काम आहे.

पाडव्याला दुकानांतून नव्या चोपड्यांची पूजा होईल. नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहून झाले, की जुन्या वहीतली बाकी पुढे ओढली जाते. सणाच्या दिवशीही तीत सूट नसते, आणि असूही नये. ज्या घरातले एखादे मूल आज हप्ता भरते आहे, त्या घरी यंदा फराळाला बसताना त्याला 'अजून किती राहिले?' असे विचारू नका. हप्ता भरून घरखर्चाला किती उरते, ते विचारा. आणि ते कमी पडत असेल, तर लाडवांच्या डब्याबरोबर थोडी मदतही पाठवा.